हिरवळ कशी राखावी

आपल्या ह्या वार्षिकात वनस्पतिशास्त्रावरील लेख पुष्कळदा येतात. परंतु पायाखाली जी वनस्पती नित्य तुडविली जाते तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. कारेगाव व आसपासच्या वस्त्यांत अलीकडे नवी घरे झपाट्याने उठत आहेत. घरापुढे चार हात जागा सुटली की तिच्यात 'लॉन' करावे, अशी इच्छा मुलांस होते, व मुलांच्या हट्टापुढे पालकही मान तुकवितात. दोन महिन्यांनी पाहावे तो त्या जागी पिवळे ठिगळ, मध्ये लव्हाळ्याचे झुबके, व कडेला नळी तशीच वाहत पडलेली! हा पैशाचा व त्याहूनही पाण्याचा अपव्यय टळावा, एवढ्याच हेतूने हिरवळीच्या निगेची प्राथमिक माहिती प्रस्तुत लेखात देण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यांनी आजवर खुरपे हाती धरले नाही त्यांच्यासाठी हा पाठ आहे. जाणत्या बागाइतदारांस ह्यात नवीन फारसे सापडणार नाही.

आरंभी एका शब्दाचा निकाल लावू. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने प्रवास करताना 'अमुक लॉन्स', 'तमुक लॉन्स' अशा मोठमोठ्या पाट्या दृष्टीस पडतात. तेथे लग्ने लागतात, पंक्ती उठतात, मांडव पडतात. गवत मात्र शोधावे लागते. आम्हांस येथे अभिप्रेत असलेले लॉन ते नव्हे. एकाच जातीचे बारीक गवत दाट वाढवून, कापून सारखे राखलेली जमीन ती हिरवळ. हा प्रकार मूळचा विलायतेच्या हवेतला. तेथे वर्षभर थोडा थोडा पाऊस पडतो, ऊन सौम्य असते, व गवत आपण होऊन हिरवे राहते. प्रथम मेंढ्या सोडून व कोयत्यांनी ते आखूड ठेवीत. पुढे १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने कापडाच्या गिरणीत लोकरीची लव कातरणारे फिरते पाते पाहून त्याच धर्तीवर गवत कापण्याचे यंत्र बनविले, तेव्हापासून सामान्य गृहस्थाच्या दारापुढेही हिरवळ दिसू लागली. आपल्याकडील हवा ह्याच्या अगदी उलट. सह्याद्रीच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत आपला शिरूर तालुका वसलेला. पाऊस चार महिन्यांचा, तोही लहरी. पुढे आठ महिने आकाश कोरडे. तेव्हा विलायतेची पुस्तके वाचून येथे हिरवळ करू जाणाऱ्याची फजिती व्हावी, ह्यात नवल नाही.

सुदैवाने आपल्या मातीची स्वतःची एक गवतजात आहे व तिला येथल्या उन्हाची पुरती ओळख आहे. ती म्हणजे हरळी. हिलाच आपण देवपूजेच्या वेळी दूर्वा म्हणतो. कारेगावच्या शेजारीच रांजणगावचा महागणपती. तेथे चतुर्थीस दूर्वांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका कोणी पाहिल्या नसतील? शास्त्रज्ञ हिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. ह्या ग्रीक नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ 'कुत्र्याचा दात' व दुसऱ्याचा संबंध 'बोटा'शी आहे. हरळीला तुरा आला म्हणजे तो जवळून पाहावा : देठाच्या टोकाशी एकाच बिंदूतून तीनपासून सहापर्यंत बारीक बोटे फुटलेली दिसतील, जणू पाखराचा पाय. ही खूण ध्यानात ठेवली की इतर गवतांत हरळी ओळखण्यास अडचण पडत नाही. अमेरिकेत ह्याच गवतास 'बर्म्युडा ग्रास' म्हणतात. पण ते मूळचे त्या बेटाचे नव्हे, जुन्या जगातूनच तिकडे गेलेले आहे.

आता एक गमतीची गोष्ट. मुलाने शाळेतून येऊन वडिलांस सांगावे की, "बाबा, आपण अंगणात हरळी लावू या," आणि वडील शेतकरी असतील तर त्यांनी कपाळास हात लावावा, असाच हा प्रसंग आहे! काळ्या रानात हरळी मातली म्हणजे ज्वारी हाती येत नाही. नांगराने तिचे तुकडे होतात व तुकड्यातुकड्यांस नवे कोंब फुटतात. उन्हाळ्यात खोल खणून, मुळ्या वेचून, त्या उन्हात कडकडीत वाळविताना आपल्या आजोबा-पणजोबांचे हात सोलवटून निघाले आहेत. ज्या गुणामुळे ती शेतात शत्रू ठरते, त्याच गुणामुळे ती अंगणात मित्र होते. तिच्या जमिनीवरून धावणाऱ्या कांड्यांना पेरापेरावर मुळे फुटतात, आणि जमिनीखालच्या पांढऱ्या मुळ्यांवर (वस्तुतः त्या मुळ्या नसून भूमिगत खोडेच होत) डोळे असतात. वरचे सर्व जळाले तरी हे डोळे जिवंत राहतात व पहिल्या पावसासरशी वर येतात. म्हणून जेथे हरळी लावावयाची तेथे ती शेताच्या बांधापासून दूर असावी, व वाफ्याच्या कडेने वीतभर खोल विटा किंवा शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडावे. आणखी एक सावधगिरी ह्याहूनही महत्त्वाची : हिरवळीतून काढलेल्या कांड्या व मुळ्या ओल्याच उकिरड्यावर टाकू नयेत. उकिरड्याच्या कडेला त्या जगतात, खताबरोबर शेतात जातात, आणि मुलाची हौस बापाच्या रानात उगवते. त्या दगडावर पसरून, कुडकुडीत वाळल्यावर मगच टाकाव्या.

ह्यापुढे पाण्याचा हिशेब. हा भाग नीट वाचावा, अशी पालकांस आमची विशेष विनंती आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी उभे केले म्हणजे ते बरोबर एक लिटर होते. हा त्रैराशिकाचा पाया झाला. उन्हाळ्यात हिरवळ तजेलदार ठेवावयाची तर आठवड्यास निदान २५ मिलिमीटर पाणी द्यावे लागते. एक गुंठा जागा, म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, ती सुमारे १०० चौरस मीटर भरते. तेव्हा एका गुंठ्याच्या हिरवळीस आठवड्यास २५०० लिटर पाणी लागेल, म्हणजे दिवसास सुमारे ३५७ लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातील प्रत्येक माणसास रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे प्रमाण धरले आहे. भागाकार केला तर असे दिसते की एक गुंठा गवत साडेसहा माणसांच्या वाट्याचे पाणी पिते! ज्या गावांतून वैशाखात टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते, तेथे असे गवत पाळणे आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अजून आपल्या घराघरांतून आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत पिण्याचे पाणी गवतावर सोडणे शोभत नाही.

मग हिरवळ करूच नये काय? करावी, पण आकारमान पाण्यावरून ठरवावे, हौसेवरून नव्हे. पंधरा फूट लांब व अठरा फूट रुंद एवढी जागा घ्या. ती २५ चौरस मीटर होते, व तिला दिवसास सुमारे ९० लिटर पाणी पुरते. घरात पाच माणसे असली व प्रत्येकाच्या स्नानास पंधरा लिटरची एक बादली धरली, तर ७५ लिटर न्हाणीतूनच बाहेर पडतात. भाजी व तांदूळ धुतलेले पाणी त्यात मिळविले की बेरीज जमली. न्हाणीची मोरी चर काढून हिरवळीकडे वळविता आली तर नळाचा एक थेंबही खर्चण्याचे कारण नाही. मात्र कपड्यांच्या सोड्याचे व तेलकट भांड्यांचे पाणी ह्यात येऊ देऊ नये; त्याने माती चोपणासारखी बिघडते. आणि हे पाणी साठवून ठेवू नये, त्याच दिवशी द्यावे. नाहीतर दुर्गंधी सुटते व डास होतात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबे आता पुष्कळ झाली आहेत. त्यांच्या दारी अठरा फूट सोडा, आठ फूट जागाही नसते. त्यांनी खंत करू नये. आठ फुटांचा एक वाफा सर्व चाळीने मिळून राखला तरी तान्ह्या मुलास रांगण्यास तो पुष्कळ होतो.

हल्ली अंगणभर सिमेंटचे ठोकळे बसविण्याची, किंवा बाजारातून हिरव्या प्लास्टिकचे गवत आणून अंथरण्याची टूम निघाली आहे. पाणी लागत नाही हा त्यांचा गुण खरा. पण चैत्रातील दुपारी त्यांच्यावर अनवाणी पाय ठेवून पाहावा, म्हणजे त्यांची योग्यता कळेल. जिवंत गवत आपल्या पानांतून पाण्याची वाफ सोडते, म्हणून त्याचा पृष्ठभाग तापत नाही. प्लास्टिकला तो मार्ग नाही.

जमिनीची तयारी उन्हाळ्यात सुरू करावी. चैत्र-वैशाखात जागा कुदळीने वीतभर खोल खणून ढेकळे तशीच उन्हात तापू द्यावी. दगड, काचा, खिळे, बांधकामाचा चुना व सिमेंटचे तुकडे वेचून काढावे. नव्या घराभोवती हा राडारोडा फार असतो, आणि गवत एका ठिकाणी का जळते म्हणून खणून पाहावे तर खाली गवंड्याने ओतलेले सिमेंट निघते. आपल्याकडील जमिनी दोन तऱ्हेच्या : कोठे काळी चिकण, जी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, कोठे वर दोन बोटे माती व खाली मुरूम. काळ्या जमिनीत नुसती वाळू मिसळण्याचा सल्ला पुष्कळ लोक देतात. थोडक्या वाळूने चिकणमाती मोकळी होत नाही, उलट घट्ट बसते. त्यापेक्षा चांगले कुजलेले शेणखत घालावे. वर सांगितलेल्या २५ चौरस मीटरच्या जागेस दहा-बारा घमेली पुरतात. मुरमाड जागेवर ओढ्याकाठचा पोयटा किंवा तलावातला गाळ निदान अर्धी वीत पसरावा. उतार घरापासून बाहेरच्या बाजूस असावा, म्हणजे पावसाचे पाणी भिंतीत मुरणार नाही.

मृगाचा पहिला पाऊस पडला की लगेच लावणी करण्याची घाई होते. ती करू नये. त्या पावसाने जमिनीतील तणाचे बी उगवून येऊ द्यावे, ते खुरप्याने काढावे, दंताळ्याने जमीन सारखी करावी, आणि आर्द्राच्या सुमारास हरळी लावावी. कच्ची खते घातली असतील तर तणांचा असा लोंढा दोनदा येतो. दोन्ही वेळा कंटाळा न करता खुरपणी करावी. पहिल्या महिन्यात वाचविलेले श्रम पुढे वर्षभर दामदुपटीने वसूल होतात.

रोपे विकत आणण्याची गरज नाही. कोणाही शेतकऱ्याच्या बांधावरून, त्याची परवानगी घेऊन, हरळी उपटून आणावी. तो नाही म्हणणार नाही, उलट आणखी न्या म्हणेल. पायाखाली तुडविली जाणारी, आखूड पेरांची व बारीक पानांची हरळी निवडावी. पाटाच्या कडेची लांब पेरांची दिसण्यास सुंदर असली तरी ती विरळ पसरते. प्रत्येक तुकड्यास दोन-तीन पेरे असावी. चार बोटांच्या अंतराने तिरकस भोक पाडून तुकडा आत घालावा, शेंडा वर राहू द्यावा, आणि पायाने माती दाबावी. दाबणे हे ह्यातील मर्म आहे. मुळाभोवती हवा राहिली तर तुकडा सुकतो. जागा मोठी असली तर दुसरी रीत आहे : हरळीचे बारीक तुकडे शेणकाल्यात व मातीत कालवून ते मिश्रण ओल्या जमिनीवर बोटभर जाडीने लिंपावे. ह्या रीतीने काम लवकर उरकते. पण मध्येच पावसाने आठ दिवस दडी मारली तर सर्व वाळून जाते. कारेगावसारख्या बेभरवशाच्या पावसाच्या गावी आम्ही पहिलीच रीत पसंत करतो. पाऊस बरा झाल्यास दोन-अडीच महिन्यांत जमीन झाकून जाते, व जी ठिगळे उघडी राहतात ती उत्तरा-हस्ताच्या पावसात भरून घेता येतात. उरुळी कांचनच्या रोपवाटिकांतून हिरवळीचे तयार गालिचे मिळतात. पैसा असेल त्याने ते खुशाल आणावे, पण खालची जमीन न खणता, दगडी भुईवर गालिचा अंथरावा तसे ते अंथरू नयेत. वर सतरंजी हिरवी दिसते, खाली मूळ शिरत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती गुंडाळून टाकावी लागते.

आता कापणीविषयी. गवत कापले तरी मरत नाही आणि झेंडूचा शेंडा खुडला तर रोप थांबते किंवा बाजूने फुटते, असे का? गवताचा वाढीचा डोळा शेंड्याशी नसतो, जमिनीलगत असतो. पान खालून वर ढकलले जाते. म्हणून गाईने खाल्ले, विळ्याने कापले, तरी गवत पुन्हा वाढते. रुंद पानांच्या पुष्कळ तणांचा डोळा मात्र वर असतो, व वारंवार कापणीने ती थकून जातात. ह्यावरून कापणी ही नुसती शोभेची गोष्ट नसून तणाचा नाश करण्याचे साधन आहे, हे ध्यानात येईल. तथापि पान हे गवताचे स्वयंपाकघर आहे. ते एकदम सर्व कापून नेले तर मुळांनी खावे काय? एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये. हिरवळ तीन सेंटिमीटर उंच ठेवावयाची असेल तर ती साडेचार झाली की कापावी. सुटीत गावाला गेल्यामुळे गवत गुडघ्यास लागले, तर एकाच दिवशी ते भादरून काढू नये. चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळांत खाली आणावे. नवी हिरवळ प्रथम कापताना ती चार बोटे उंच झालेली असावी व जमीन फार ओली नसावी. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात महिन्यातून एकदा, आणि उन्हाळ्यात शक्य तितके कमी कापावे; उन्हाळ्यात गवत बोटभर अधिक उंच राहू दिल्याने आपल्याच सावलीने मुळे थंड राहतात.

लहान वाफ्यास विळा पुरे. यंत्र वापरणाऱ्यांनी पाते धारदार ठेवावे. बोथट पाते गवत कापीत नाही, ओरबाडते, आणि दुसऱ्या दिवशी शेंडे तांबूस दिसतात. विजेचे वा तेलाचे यंत्र मुलांनी एकट्याने चालवू नये. त्यापूर्वी दगड वेचावे, पायांत बंद जोडा असावा, आणि लहान भावंडांस दूर उभे करावे. फिरत्या पात्याने उडालेला खडा गोफणीच्या दगडासारखा लागतो. कापलेले तुकडे बारीक असतील तर तेथेच पडू द्यावे. चार दिवसांत ते कुजून खत होतात व गवताने घेतलेला नत्र मातीस परत मिळतो. काडी लावून जाळण्याची चाल सर्वस्वी वाईट.

पाणी किती द्यावे हे वर आले. कसे द्यावे ते सांगतो. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर द्यावे. रोजच्या शिंपडण्याने वरची बोटभर माती तेवढी ओली होते, मुळे वरच राहतात, आणि एक दिवस चुकला की गवत माना टाकते. खोल गेलेले पाणी मुळांस खाली ओढते. पाणी दिल्यावर तासाभराने लोखंडी सळई जमिनीत खुपसावी. ओल असेल तेथवर ती सहज जाते, पुढे अडते. अर्धी वीत तरी जावी. झारीने किंवा नळीने किती मिलिमीटर पाणी पडले हे पाहण्यास सरळ बुडाचे रिकामे डबे दोन-तीन ठिकाणी ठेवून, आत साचलेले पाणी मोजपट्टीने मोजावे. शास्त्राच्या वर्गास हा एक चांगला प्रयोग होईल. वेळ पहाटेची, दुपारचे निम्मे पाणी उन्हातच जाते, आणि रात्रभर ओले राहिलेल्या गवतावर बुरशी धरते. गवतास तहान लागली की ते स्वतःच सांगते : हिरव्या रंगावर निळसर राखी झाक येते, पाने उभी दुमडतात, आणि चालून गेल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ उमटलेले राहतात. तोवर थांबण्यास हरकत नाही.

आणि पाणी मुळीच नसेल तर? फाल्गुन-चैत्रापासून हरळीस निजू द्यावे. ती तपकिरी होईल, शेजारी हसतील; हसू द्यावे. वरचे पान वाळले तरी खालचा डोळा जागा असतो. दोन-तीन आठवड्यांनी एकदा न्हाणीचे पाणी फिरविले तरी तो तग धरतो, व वळवाच्या पहिल्या सरीनंतर आठ-पंधरा दिवसांत अंगण पुन्हा हिरवे होते. आपल्या डोंगरावरील माळ वर्षानुवर्षे हेच करीत आले आहेत.

तणांत लव्हाळा अथवा नागरमोथा सर्वांत चिवट. तो ओढला की पात हाती येते व गाठ जमिनीत राहते. गाठीला दोरीने बांधल्यासारख्या आणखी गाठी असतात. पावसानंतर ओल्या मातीत खुरपे खोल घालून सर्व माळ उचलावी. गाजरगवत हे अलीकडचे पाहुणे. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेस आले, व आता देशभर पसरले आहे. त्याला फुले येण्यापूर्वी, हातांत मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून ते मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या अंगास खाज सुटते, व परागांनी दम लागतो. तणनाशक औषधे अंगणात मारू नयेत. तेथे मुले लोळतात, आणि घरातील वडील मंडळी तेथूनच पूजेच्या दूर्वा खुडतात.

गवत पिवळे पडले की बहुतेक जण युरियाकडे धावतात. वर सांगितलेल्या वाफ्यास पावसाळ्यात दोनदा, प्रत्येक वेळी पाव किलोहून अधिक युरिया नको. पाने कोरडी व जमीन ओली असताना तो पातळ फेकून लगेच पाणी द्यावे, नाहीतर गवत भाजते. परंतु आपल्या चुनखडीच्या जमिनीत पिवळेपणाचे कारण पुष्कळदा दुसरेच असते. मातीत लोह असूनही चुन्यामुळे ते मुळांस मिळत नाही. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या अशी खूण दिसली तर लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस ताजे विरघळवून सायंकाळी फवारावे. फरशीवर व भिंतीवर मात्र ते उडू देऊ नये. त्याचा तांबडा डाग निघत नाही. आंब्याच्या किंवा लिंबाच्या दाट सावलीत हरळी पिवळी पडते, तिला कोणतेच औषध नाही. तेथे ओटा बांधून बसण्याची जागा करावी हे बरे.

ऊस लावणाऱ्या घरांतील मुलांस हुमणी ठाऊक आहेच. भाद्रपदाच्या सुमारास हिरवळीत एखादे पिवळे वर्तुळ दिसले व तेथले गवत घोंगडीसारखे हातात उचलून आले, तर खाली अर्धचंद्राकार पांढऱ्या अळ्या सापडतील. त्यांनी मुळे कुरतडलेली असतात. हिचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेस जमिनीतून निघून बाभळीवर व कडुलिंबावर पाला खाण्यास जमतात. त्या चार-सहा रात्री फांद्या हलवून ते खाली पाडावे व रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावे. वाडीतील सर्व मुलांनी मिळून हे केले तर शेजारच्या उसाचेही रक्षण होते. एकट्या घराने केले तर फारसा उपयोग नाही, कारण भुंगेरा कुंपण जाणत नाही.

शाळेच्या पटांगणाविषयी मुले विचारतात की, सर्वच मैदान हिरवे का करू नये? १९४८ च्या डिसेंबरात पुणे क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर ह्यांनी काठेवाडाविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या, ती हकीकत ज्यांनी ऐकली असेल त्यांस तसे मैदान आपलेही असावे असे वाटणे साहजिक आहे. पण क्रिकेटची खेळपट्टी हिरवळीसारखी दाट राखीत नाहीत. ती रूळ फिरवून कठीण केलेली असते, आणि गवत हवे ते तिच्या भोवती. खो-खो व हुतूतू ह्यांस मऊ मातीच उत्तम. तेव्हा पटांगणाच्या कडेने, जेथे लहान वर्गांची मुले बसतात, तेवढाच पट्टा हिरवा करावा. तोही एका वर्षी सर्व नव्हे. दरवर्षी दोन वर्गांनी दोन वाफे घ्यावे व त्यांना पाण्याच्या टाकीखालचे ओघळ लावून द्यावे.

ज्या वाटेने मुले रोज धावत वर्गाकडे जातात तेथे गवत टिकत नाही. पाट्या लावून व शिक्षा करून आजवर कोणत्याही शाळेत ती वाट बंद झाली नाही. तेथे फरशीचे तुकडे टाकून रीतसर पाऊलवाट करून द्यावी, आणि तिच्या दोहों बाजूंस दाबून घट्ट झालेली जमीन वर्षातून एकदा, पाऊस उघडल्यावर, पहारेने वीतवीत अंतरावर टोचून घ्यावी. भोकांत बारीक चाळलेले शेणखत झाडून भरले की पुढच्या पंधरवड्यात कडेची हरळी आपण होऊन आत सरकू लागते.